खोगिराखालची नस

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही प्रश्नपेटी ठेवली होती. नववी-दहावीच्या मुलांनी नाव न घालता लिहिलेल्या चिठ्ठ्या शिक्षकांनी आपापल्या शाळांतून आणल्या होत्या. त्या एकेक करून वाचायच्या आणि उत्तर कसे द्यावे यावर बोलायचे, असा बेत होता. ग्रहणे, भुते, साप, मोबाईलचे टॉवर हे ठरलेले विषय झाले. मग एक चिठ्ठी निघाली. ‘सायकलवरून लांब जाऊन आलो की खाली बधिर होते. हात लावला तरी दुसऱ्याला लावल्यासारखे वाटते. नस मेली का?’

हशा पिकला. वाचणाऱ्या बाईंनी चिठ्ठी घडी करून पेटीखाली सारली आणि पुढची उचलली. आम्ही व्यासपीठावरच होतो. आम्हीही काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र ती चिठ्ठी डोक्यातून जाईना. हाच प्रश्न हाताच्या बोटाबद्दल असता, तर आम्ही फळ्यावर चेतातंतूचे चित्र काढून अर्धा तास बोललो असतो. प्रश्न शास्त्रीय होता, नेमका होता, आणि विचारणारा मुलगा घाबरलेला होता. त्याला उत्तर द्यायचे तर आपल्याला काय माहीत आहे हे आधी पाहावे, म्हणून पुस्तके काढून बसलो. हा लेख त्या शोधातून आला आहे.

आधी त्याच्या शब्दाकडे पाहू. ‘नस’ हा मराठीतला मोठा सोयीचा आणि म्हणूनच घोटाळ्याचा शब्द. हातावर निळी दिसते तीही नस, मानेत आखडते तीही नस, आणि कंबरेपासून पायात कळ नेणारीही नसच. पहिली रक्तवाहिनी, दुसरा बहुतेक वेळा स्नायू आणि तिसरी चेता, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्याकडे संदेश ने-आण करणारा तंतूंचा जुडगा. यात मराठीला नावे ठेवायचे कारण नाही. प्राचीन ग्रीकांचेही तसेच होते. आज ज्या ‘न्यूरॉन’ शब्दावर सारे चेताशास्त्र उभे आहे, तो शब्द ग्रीक लोक स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेलाही वापरत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात हिरोफिलसने मानवी देहाचे विच्छेदन केले, तेव्हा कुठे चेता वेगळी ओळखली गेली.

आमच्या चिठ्ठीतल्या तक्रारीच्या जवळची सगळ्यात जुनी नोंद हिरोफिलसच्याही आधीची आहे. हिपोक्रॅटिसच्या नावावर जमा असलेल्या ग्रंथांत हवा, पाणी आणि स्थळे यांवरचा एक निबंध आहे. तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. त्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या सिथियन लोकांचे वर्णन येते. हे लोक जन्मभर घोड्यावर. त्यांच्यातल्या पुष्कळ पुरुषांना नपुंसकत्व येते, असे लेखक सांगतो. सिथियन स्वतः याला दैवी कोप समजत. हिरोडोटसने तर त्याची कथाच दिली आहे : सिथियनांनी अ‍ॅस्कलॉन येथले अ‍ॅफ्रोडाइटीचे देऊळ लुटले, म्हणून देवीने त्यांच्या वंशाला हा रोग दिला.

निबंधाचा लेखक इथे थांबून विचार करतो, आणि तो विचार विज्ञानाच्या वर्गात वाचून दाखवावा असा आहे. तो म्हणतो, हा रोग श्रीमंतांना जास्त होतो, गरिबांना कमी. देवीचा कोप असता तर उलटे व्हायला हवे होते, कारण श्रीमंत माणूस देवाला भरपूर बळी देऊन प्रसन्न करू शकतो. गरिबाकडे द्यायला काय आहे? मग श्रीमंतांत आणि गरिबांत फरक कोणता? श्रीमंत घोड्यावर बसतात, गरीब पायी चालतात. म्हणजे कारण घोडा.

निरीक्षण, तुलना, पर्यायी कारणाची परीक्षा, सारे यात आहे. पुढे मात्र त्याची गाडी घसरते. सतत पाय लोंबकळत राहिल्याने सांधे सुजतात, त्यावर उपाय म्हणून हे लोक कानांमागच्या शिरा तोडून रक्त काढतात, आणि बीजाचा मार्ग त्या शिरांतून जात असल्याने पुरुषत्व जाते, असे त्याचे स्पष्टीकरण. रिकीब तेव्हा नव्हती, त्यामुळे पाय लोंबकळत हे खरे. कानांमागचा भाग मात्र पूर्ण चुकीचा. त्याला चेता माहीत नव्हती, म्हणून हाताशी असलेल्या शिरांवरून त्याने वाट काढली. शिवाय तो बोलतो नपुंसकत्वाबद्दल; संवेदना गेल्याचा उल्लेख त्यात नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे पुढे लागेल म्हणून इथेच सांगून ठेवतो. सिथियनांच्या नातलग संस्कृतीची खोगिरे आल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथे गोठलेल्या थडग्यांत सापडली आहेत. कातड्याच्या किंवा नमद्याच्या दोन उशा आणि आत गवत किंवा केस भरलेले. अक्षरशः खोगीरभरती. पण त्या दोन उशांच्या मधोमध कण्याखाली मोकळी जागा राही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता ती चेता. तिचे आंतरराष्ट्रीय नाव प्युडेंडल. मूळ लॅटिन धातूचा अर्थ लाज वाटणे. म्हणजे ‘जिची लाज वाटावी त्या भागाची चेता’. हृदयाच्या धमनीला कोणी भित्री धमनी म्हटले नाही, पण इथे शरीरशास्त्राने नावातच शेरा मारून ठेवला. आपल्याकडचे ‘गुह्य’ त्या मानाने बरे. झाकलेले, एवढेच ते म्हणते.

तिचा मार्ग समजला की निम्मे उत्तर मिळते. मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडून, त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरचे तंतू एकत्र येऊन ही चेता बनते. डावी एक, उजवी एक. ती ओटीपोटाच्या हाडांच्या पिंजऱ्यातून मागच्या बाजूने बाहेर पडते, एका अणकुचीदार हाडाला वळसा घालते आणि लगेच दुसऱ्या फटीतून पुन्हा आत शिरते. मग बसताना ज्या दोन हाडांवर आपला भार असतो, त्या हाडाच्या आतल्या अंगाने ती एका आवरणाच्या नळीतून पुढे जाते. तिची एक शाखा गुदद्वाराकडे, दुसरी वृषणाच्या मागच्या त्वचेकडे व आसपासच्या स्नायूंकडे आणि शेवटची, जघनास्थीच्या कमानीखालून निघून, शिश्नाच्या पाठीवरून टोकापर्यंत.

या नळीला अल्कॉकची नळी म्हणतात. बेंजामिन अल्कॉक हा आयर्लंडमधला शरीरशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात टॉड या संपादकाने काढलेल्या शरीरशास्त्राच्या मोठ्या कोशात त्याने ओटीपोटाच्या धमन्यांवर लेख लिहिला. त्या धमनीभोवतीचे आवरण वर्णन करताना ही नळी प्रथम नीट सांगितली गेली. चेतेचा शोध घ्यायला तो निघालाच नव्हता. पुढे १८४९ मध्ये तो कॉर्कच्या नव्या कॉलेजात शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला. विच्छेदनासाठी मृतदेह मिळवण्याच्या कायद्यावरून त्याचे वरिष्ठांशी बिनसले आणि त्याला ती जागा सोडावी लागली.

अल्कॉकच्या नळीचे चित्र पाहताना दोन गोष्टी नजरेत भरतात. एक, चेता हाडाच्या आडोशाला आहे. माणूस नीट दोन हाडांवर बसला तर ती सुरक्षित राहते. दुसरी, शेवटची शाखा मात्र कमानीखालून बाहेर येते तिथे उघडी पडते. वरून हाड, खालून सीटचे टोक, मध्ये चेता. अडकित्त्याची दोन पाती आणि मधली सुपारी म्हणा.

या नकाशात एक गंमतही आहे. वृषणाची आतली वेदना या चेतेतून जात नाही. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होते आणि नंतर खाली उतरते. उतरताना आपली चेता वरूनच घेऊन येते. म्हणून क्रिकेटचा चेंडू लागला की मुलगा पोट धरून बसतो. खालची कातडी बधिर असतानाही वृषण दाबल्यावर कळ येऊ शकते, ती याचमुळे.

हे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उपलब्ध होते. मग सामान्य माणसापर्यंत ते का पोचले नाही? कारण त्याच्या आधीच दुसरी एक ‘नस’ घराघरांत जाऊन बसली होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील डॉक्टर टिसो याने १७६० मध्ये हस्तमैथुनावर फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केले. वीर्य वाया गेल्याने चेतासंस्था खचते, दृष्टी जाते, स्मरणशक्ती जाते, असे त्याचे म्हणणे. टिसो साधासुधा माणूस नव्हता, युरोपभर नावाजलेला वैद्य होता. म्हणून त्याचे म्हणणे शंभर-दीडशे वर्षे टिकले. त्याला आधार काहीच नव्हता. आपल्याकडे वीर्यनाशाची भीती आधीच होती, तिला हे नवे शास्त्रीय कपडे मिळाले. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘नसों की कमजोरी’ची जाहिरात ज्यांनी वाचली आहे, त्यांना टिसो न वाचताच माहीत आहे. मराठीत या भीतीशी सरळ भांडण केले ते र. धों. कर्व्यांनी. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालवले. गणिताचा प्राध्यापक असलेल्या या माणसाची विल्सन कॉलेजातली नोकरी याच विचारांपायी गेली होती. आमच्या चिठ्ठीतल्या मुलाने ‘नस मेली का?’ असे विचारले, त्यात सायकलची भीती किती आणि भिंतीवरच्या जाहिरातीची किती, हे कोण सांगणार?

बधिरतेचा अभ्यास करायचा तर एक अडचण कायमची आहे. बधिरता दुसऱ्याला दिसत नाही. ज्याची आहे त्यानेच ती सांगायची. लंडनच्या डॉक्टर हेन्री हेड यांना ही अडचण रोज येई. चेता तुटलेले कामगार त्यांच्याकडे येत, पण नेमके काय वाटते आणि काय वाटत नाही, हे त्यांना शब्दांत सांगता येत नसे. तेव्हा हेड यांनी ठरवले की रोगी आपणच व्हायचे. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हाताची, कोपराजवळची त्वचेकडे जाणारी चेता शस्त्रक्रियेने तोडून घेतली आणि टोके रेशमाने शिवून घेतली. मग चार वर्षांहून अधिक काळ ते सवड काढून केंब्रिजला जात. तिथे सेंट जॉन्स कॉलेजातल्या आपल्या खोलीत त्यांचे मित्र रिव्हर्स त्यांच्या हाताला कापूस, केस, टाचणी, गरम आणि थंड नळ्या लावून पाहत. हेड डोळे मिटून काय वाटते ते सांगत. हे रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून १९०६ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिणारे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. संवेदना मोजण्याची तीच चिकाटी त्यांनी नातेसंबंध नोंदण्यात दाखवली.

हेड यांच्या हातावर संवेदना एकदम परत आली नाही. आधी आली ती रांगडी : टोचल्यावर कळायचे, पण कुठे टोचले ते नाही, वेदना नको तितकी, पसरणारी, खूप गरम आणि खूप थंड कळायचे, कोमट नाही. हलका स्पर्श, नेमकी जागा, तापमानातला बारीक फरक हे सारे खूप उशिरा आले. यावरून हेड यांनी मांडले की त्वचेत दोन वेगळ्या चेताव्यवस्था आहेत, एक आदिम आणि एक सूक्ष्म. मग प्रश्न आला : न तुटलेल्या, निरोगी शरीरावर फक्त आदिम व्यवस्थाच असेल अशी जागा आहे का? हेड यांचे उत्तर होते, शिश्नमुंड.

त्यांनी तेही तपासले. पेल्यांत वेगवेगळ्या तापमानाचे पाणी घेतले. हेड डोळे मिटून उभे राहिले आणि रिव्हर्स एकेक पेला खालून वर आणत गेले. नुसत्या पाण्याचा स्पर्श हेड यांना कळत नव्हता. गरम पाण्यात फक्त टोक बुडाले तर ऊब न वाटता नकोशी वेदना होई. पाणी आणखी वर चढले की वेदना जाऊन सुखद ऊब वाटे. हे सारे १९०८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात कोणतीही लपवाछपवी न करता छापले गेले. तो काळ इंग्लंडमध्ये भलताच सोवळा समजला जातो. दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी पेला आणि थर्मामीटर घेऊन केलेल्या त्या नोंदी वाचताना आम्हाला हसू आले, आणि मग प्रश्नपेटीखाली सारलेल्या चिठ्ठीची आठवण होऊन ते थांबले.

हेड यांचा सिद्धान्त टिकला नाही. १९०९ मध्येच ट्रॉटर आणि डेव्हिस या दोघांनी स्वतःच्या शरीरावरच्या एक नव्हे, सात चेता तोडून घेऊन पडताळा पाहिला. दोन स्वतंत्र व्यवस्था त्यांना सापडल्या नाहीत. चेता परत वाढताना तंतू अपुरे आणि अर्धेमुर्धे असतात, म्हणून संवेदना रांगडी लागते, असे पुढे ठरत गेले. पण पेल्यातले निरीक्षण मात्र खरे निघाले. १९८६ मध्ये हालाता आणि मुंगर यांनी शिश्नमुंडाच्या त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. तिथे मोकळ्या, वेदना व तापमान ओळखणाऱ्या टोकांची संख्या फार मोठी आणि सूक्ष्म स्पर्श ओळखणाऱ्या रचना थोड्या, असे त्यांना दिसले. बोटाच्या टोकावर याच्या उलट असते. सिद्धान्त खोटा आणि निरीक्षण खरे, हे विज्ञानात नवे नाही. सिथियनांच्या घोड्याचेही तेच झाले होते.

‘नस मेली का?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आले. हर्बर्ट सेडन यांनी ऑक्सफर्ड येथे चेतांच्या शेकडो जखमा पाहिल्या आणि १९४३ मध्ये त्यांचे तीन प्रकार केले. पहिल्यात तंतू शाबूत असतात, पण दाबाने त्यातून संदेश जाणे तात्पुरते बंद पडते. तासांत, दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत ते सुरू होते. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो पण बाहेरचे वेष्टण टिकते. तंतू त्या वेष्टणातून पुन्हा वाढत जातो, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. तिसऱ्यात सारेच तुटते, आणि शिवल्याशिवाय भरवसा नाही. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तो पहिल्या प्रकाराचाही अगदी सौम्य नमुना. सायकलवाल्या मुलाची बधिरता बहुधा याच गटातली. मेलेली नस मुंग्या आणीत नाही. मुंग्या येतात त्या जागी होणाऱ्या नसेमुळे.

पण ‘बहुधा’ या शब्दावर थांबून चालणार नाही. या जागेची एक बधिरता अशी आहे की तिच्याबाबत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. त्याखाली उरतात फक्त चेतांची मुळे, मणक्यांच्या नळीतून खाली लोंबणारी. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो झुबका घोड्याच्या शेपटासारखा वाटला आणि तेच नाव पडले. आमची प्युडेंडल चेता या शेपटातूनच निघते. दोन मणक्यांमधली चकती मागे निसटून या शेपटावर दाबली गेली, तर बधिर होणारा भाग असतो नितंबांचा मधला भाग, गुदद्वाराभोवतीची जागा, मांड्यांची आतली बाजू आणि जननेंद्रिय. घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकणारी नेमकी तेवढीच जागा. डॉक्टर तिला खोगीर-बधिरताच म्हणतात, मग रोग्याने जन्मात घोडा पाहिलेला नसो.

बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये असे दोन रोगी नोंदवले. निसटलेला कूर्चेचा तुकडा काढल्यावर त्यांना बरे वाटले. आधी अशा तुकड्यांना गाठ समजत. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी चकती निसटणे हेच कारण असल्याचे पक्के केले. यात वेळेला किंमत आहे. आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २००० मध्ये झाली, तेव्हा ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे लघवीवरचे नियंत्रण आणि संवेदना अधिक चांगल्या परतल्याचे दिसले. कंबरदुखीच्या जोडीला खालची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा न कळत होणे, पायांतली शक्ती जाणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. उशीर होतो तो अनेकदा लाजेपायी. माणूस कंबर दुखते म्हणून सांगतो, पण कुठे बधिर झाले ते सांगत नाही. आणि घाईत असलेला डॉक्टर विचारत नाही.

आता पुन्हा सायकलकडे. १८८५ मध्ये स्टार्लीची ‘रोव्हर’ आली, १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले, आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिका सायकलवर चढली. सीटवर वाद लगेच सुरू झाला. गंमत म्हणजे त्या वादात पुरुषांच्या बधिरतेपेक्षा स्त्रियांच्या ‘उत्तेजित होण्याची’ चिंता डॉक्टरांना जास्त होती. तरी त्या भांडणातून काही चांगल्या सीटही निघाल्या. १८९०च्या दशकात अमेरिकेत ‘ख्रिस्टी’ नावाची सीट विकली जाई. दोन हाडांसाठी दोन गाद्या आणि मधोमध मोकळी चर. पाझिरिकच्या खोगिराशी तिचे साम्य पाहून आम्ही चकित झालो. पुढे शर्यतीच्या सायकलींची अरुंद, लांब नाकाची सीट सर्वत्र गेली आणि ती चर विसरली गेली.

विषय पुन्हा निघाला १९९७ मध्ये. त्या वर्षी बॉस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलच्या सीटने नपुंसकत्व येऊ शकते असे जाहीरपणे म्हटले आणि सायकलवाले त्यांच्यावर तुटून पडले. त्याच वर्षी नॉर्वेतून मोजकी आकडेवारी आली. ट्रॉन्डहाइम ते ऑस्लो या ५४० किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतलेल्या १६० पुरुषांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांतल्या ३३ जणांना शर्यतीनंतर शिश्नाला बधिरता आली होती. दहा जणांची ती आठवड्याहून जास्त टिकली. नपुंसकत्व आल्याचे २१ जणांनी सांगितले, आणि तिघांच्या बाबतीत ते महिन्याहून अधिक राहिले. उरलेल्या बहुसंख्यांना काहीच झाले नाही, हेही याच आकड्यांत आहे.

सगळ्यात नीट अभ्यास झाला तो पोलिसांवर. अमेरिकेतल्या काही शहरांत पोलीस सायकलवरून गस्त घालतात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या पोलिसांकडून विचारणा झाल्यावर तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेने हा प्रश्न हाती घेतला. २००८ मध्ये स्टीव्हन श्रेडर आणि सहकाऱ्यांनी ९० सायकल-पोलिसांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सहा महिने त्यांना बिननाकाची सीट दिली होती. नाजूक जागेवरचा दाब ६६ टक्क्यांनी उतरला. सायकल चालवताना बधिरता येत नाही असे सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते, ते ८२ टक्क्यांवर गेले. केवळ सांगण्यावर विसंबले नव्हते. कंपन किती कमी झाले तरी जाणवते, हे यंत्राने मोजले होते, आणि तेही सुधारले होते. हेड आणि रिव्हर्स यांचे पेले आता असे सुधारले आहेत. ९० पैकी तिघेच जुन्या सीटकडे परत गेले.

यावरून सायकलच वाईट असे कोणी समजू नये. २०१८ मध्ये सायकलस्वार, पोहणारे आणि धावणारे यांची तुलना प्रसिद्ध झाली. लैंगिक आणि लघवीच्या तक्रारींत सायकलस्वार मागे नव्हते. बधिरता मात्र त्यांच्यात जास्त होती. नपुंसकत्व आणि बधिरता एक नव्हेत असे वर म्हटले ते यासाठी. अधूनमधून सीटवरून उठून पॅडल मारणाऱ्यांना बधिरता कमी, आणि हँडल सीटपेक्षा खाली असणाऱ्यांना जास्त, हेही त्यात दिसले.

सीटशी, मणक्याशी संबंध नसलेली बधिरताही असते. वर्षानुवर्षे आटोक्यात नसलेला मधुमेह लांबलचक चेतांना आधी खातो. पायांबरोबर इथलीही संवेदना मंदावते. नैराश्यावरची काही औषधे घेणाऱ्यांत जननेंद्रियाची संवेदना कमी होते, आणि थोड्या जणांत औषध थांबवल्यावरही ती परतत नाही. ही तक्रार रोगी अनेक वर्षे करीत होते. युरोपच्या औषध-नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख करायला सांगितले. तिचे कारण अजून उलगडलेले नाही. मात्र हे वाचून कोणी चालू औषध परस्पर बंद करू नये; ते डॉक्टरांना विचारूनच.

पुढच्या शिबिरात आम्ही ती चिठ्ठी पहिली घेतली. फळ्यावर अल्कॉकची नळी काढली, दोन हाडे काढली, मध्ये सीटचे नाक काढले. दोन-चार दिवसांत बधिरता गेली नाही तर, किंवा कंबर दुखत असेल तर, डॉक्टरांकडे जायचे, हेही ठळक अक्षरांत लिहिले. एका सरांनी विचारले, मुलींना असे होते का? होते, चेता तीच आहे, आणि त्यावर अभ्यास त्या मानाने फार थोडा झाला आहे. ज्यांच्या शाळेतून चिठ्ठी आली होती त्यांनी ते चित्र वहीत उतरवून नेले. महिन्याने त्यांचे पत्र आले. मुलाची सायकल त्याच्या मोठ्या भावाची होती, सीट चार बोटे उंच आणि नाक वर केलेले. पाना आणून शाळेच्या पटांगणातच ती खाली घेतली, म्हणे. बधिरता गेली का, ते विचारायला सर विसरले होते. आम्ही उलटटपाली विचारले आहे.